गाळणीतले पाणी

पंप बंद केल्यावर पहिल्यांदा काही ऐकूच येत नसे. त्याची गुणगुण कानांत इतकी मुरलेली असे, की ती थांबली की तिच्या जागी नुसती पोकळी उरे. आणि मग त्या पोकळीत एकेक आवाज बिचकत परत येई. रांबुतानच्या फांदीवरून सुटलेले पान, गल्लीच्या टोकाला कुणीतरी घासत असलेली कढई, बांबूच्या बेटातला वारा. वार्सिनी बटणावर हात ठेवून तशीच उभी राही. ही शांतता आपण पैसे वाचावेत म्हणून करतो आहोत, असे ती स्वतःला सांगे. ते खरे होते. पण त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू येई, आणि त्याचा हिशेब कोणत्या पैशांत मांडायचा हे तिला कळत नसे.

ब्लितार जिल्ह्याच्या या अंगाला तळी काही नवलाची नव्हती. शेतांच्या कडेने पाटाचे पाणी फुकट उतरत येई आणि त्यावर लोक कोई जातीचे रंगीत मासे वाढवून बाजाराला धाडत. गुनार्तोचे तळे मात्र घरासमोरच्या बागेत होते, सिमेंटचे, कमरेहून खोल. तिथे पाट पोचत नव्हता. तेच ते पाणी दिवसरात्र फिरवायचे, भिंतीमागच्या तीन झाकलेल्या हौदांतून गाळून परत तळ्यात सोडायचे, एवढ्यावर ते जिवंत राहत होते. आणि फिरवायला वीज लागत होती.

गुनार्तो, तिचा नवरा, तैवानमधल्या एका ओतशाळेत कामाला होता. जाण्याआधी तो पाक हर्जोको यांच्या मत्स्यशेतीवर मजुरी करायचा. तिथल्या टाकाऊ पिल्लांच्या टोपलीतून त्याने नखाएवढे एक पिल्लू उचलले होते. बाकीच्यांना त्यात काही दिसले नव्हते. त्याला दिसले होते. आता ती मादी हातभर लांब झाली होती. दुधासारखे अंग, आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडे डाग असे पडलेले, जणू कुणी ओल्या कागदावर जपून एकेक थेंब सोडला असावा. घरात तिला नाव नव्हते. ती नुसती 'मोठी' होती.

मोठी विकली गेली की गुनार्तो परत येणार होता. तिच्या पैशांत पाटाकाठची दोन खाचरे खंडाने घ्यायची, आपल्या माशांची वीण आपण काढायची, आणि ओतशाळेच्या धगीकडे पुन्हा वळून बघायचे नाही. हे त्याने निघताना बसच्या दारात उभे राहून सांगितले होते, आणि त्यानंतर दर करारावर सही करतानाही. वार्सिनी आता सदतिशीत होती. आधी घर उभे करायचे म्हणून मूल लांबवले, मग तळे बांधायचे म्हणून. आता महिन्याचा महिना अंगावरून जाताना प्रत्येक वेळी दार लोटून घेतल्यासारखा आवाज होई, जो फक्त तिलाच ऐकू येई.

विजेचे दुखणे गेल्या कोरड्या हंगामात सुरू झाले. सवलत कुणाला द्यायची हे ठरवायला एक माणूस घरोघर फिरत होता. तो फाटकाशी आला, आणि घराच्या गळक्या कौलांकडे पाहण्याआधी त्याची नजर तळ्यावर गेली.

"शोभेचे मासे का?" त्याने विचारले.

"हो. नवऱ्याचे आहेत."

"छान आहेत," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

पुढच्या महिन्यापासून सवलत गेली. शेजारच्या यु कातेमीने कपाळावर हात मारून घेतला. तिला सगळे यु, म्हणजे ताई, म्हणत; तिचे गल्लीच्या तोंडाशी दुकान होते आणि विजेची टोकने तीच विकायची.

"शोभेचे कशाला म्हणालीस गं बाई? तळून खायला पाळलेत म्हणायचं! गरिबाच्या घरात शोभा असते होय?"

"मला काय माहीत, यु, तो मासे बघून घराची किंमत करील म्हणून."

"डोळ्यांना जे दिसतं तेच बघणार ना तो. तुझं मन थोडंच वाचणार आहे."

टोकनवरचा आकडा मीटरमध्ये घातला की वीज येई, आणि ती संपत आली की मीटर किंचाळू लागे. बारीक, तुटक, हट्टी आवाज. गल्लीत सगळ्यांचीच मीटर ओरडत. पण वार्सिनीचे सर्वांत आधी ओरडे आणि पैसे हाती येईपर्यंत ओरडतच राही.

"वार्सिनी, अगं, पाज त्याला काहीतरी!" कातेमी कुंपणापलीकडून हाक मारी. "सकाळपासून रडतंय लेकरू."

आजूबाजूच्या बायका हसत. वार्सिनीही हसे. मग आत जाऊन ती मीटरवर घडी केलेला टॉवेल बांधी, त्याचा आवाज दबावा म्हणून.

गुनार्तोला तिने सांगितले नव्हते असे नाही. त्याचा फोन रोज सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानीच्या थोडा आधी येई. पडद्यावर त्याचा चेहरा आणि मागे पत्र्याची भिंत. तो तिचा 'कांग', ती त्याची 'दिक'.

"कांग, टोकन पुरत नाहीये. तुम्ही पाठवता त्यातलं निम्मं तळंच पितंय."

"पंप बंद केलास?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"नाही, करू नकोस म्हणून सांगतो. एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, पण पंप थांबायचा नाही."

"कुणाचं जेवण?"

तो हसला. "माझं गं. मी इथे नूडल्सच्या कढणावर दिवस काढतोच आहे ना? थोडं भागव, दिक. थोडेच दिवस राहिलेत. चल, पाणी ऐकव बघू."

मग ती फोन पाण्याच्या धारेजवळ धरी. तो डोळे मिटून ऐके. त्याच्या भाजलेल्या, काळवंडलेल्या चेहऱ्यावर त्या वेळी असे काही उतरे, की ते पाहताना आपण परक्याच्या खिडकीतून आत डोकावतो आहोत असे तिला वाटे. बरे वाटून झाले की तो डोळे उघडी आणि म्हणे, "बाकी तू बरी आहेस ना?"

बुडबुडे सोडणारे छोटे यंत्र चालूच ठेवून पंप दुपारपुरता बंद करायचा, हे तिने स्वतःच ठरवले. छोट्या यंत्राला वीज नगण्य लागे. मासे शांत फिरत राहिले, मोठी तिच्या हातून दाणे घेत राहिली. दुपारची मग सकाळही झाली. फोनच्या आधी ती बटण दाबी; धार सुरू होई, पाण्यावर थोडी गढूळ रेघ उमटे आणि अजान होईपर्यंत विरून जाई. मीटर पूर्वीपेक्षा उशिरा ओरडू लागले. तिने मीठ-मिरचीपलीकडचे काही विकत आणले, एकदा अंडी आणली, आणि खाताना तिला चोरी केल्यासारखे वाटले.

भिंतीमागच्या हौदांवरची झाकणे तिने कधी उघडली नाहीत. तिथे काय चालते हे तिला ठाऊक नव्हते. पाण्यातली घाण खाऊन ते निवळ ठेवणारे जीव हौदांत टांगलेल्या ब्रशांच्या केसांत राहतात, त्यांनाही वाहते पाणी लागते, ते थांबले की तेच मरतात आणि कुजतात, हे गुनार्तोला इतके रोजचे होते की ते सांगायचे असते हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. पंप थांबवू नकोस, एवढेच तो म्हणत राहिला. का थांबवू नकोस, हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही.

कातेमीच्या मुलीचे लग्न निघाले. गल्लीतल्या बायकांनी लग्नघरी राबायला जायचे, ही काही सांगायची गोष्ट नव्हती. जी जाणार नाही तिच्या घरच्या कार्याला उद्या कुत्रे फिरकणार नाही. वार्सिनी पहाटे निघाली तेव्हा तिने पंप बंद केला. गुनार्तोला त्या दिवशी जादा पाळी होती, फोन येणार नव्हता. दिवसभर तिने नारळ खवले, कांदे चिरले, केळीच्या पानांत भात बांधला.

"नवरा कधी येतोय गं तुझा?" चुलीपाशी बसलेल्या एका म्हातारीने विचारले.

"येईल. मासा विकला की येतोय."

"अगोबाई! म्हणजे मासा पोहत जाऊन आणणार होय त्याला?"

चुलीभोवती हशा पिकला. कातेमीने डाव उगारून म्हातारीला गप्प केले, पण तिचेही खांदे हलत होते.

काळोख पडल्यावर वार्सिनी घरी आली. पाय सुजले होते. तळ्याशेजारून जाताना तिने बुडबुड्यांचा आवाज ऐकला आणि ती क्षणभर थांबली. बटण हाताच्या अंतरावर होते. मीटरमध्ये जेमतेम उद्यापुरते उरले असेल. आज त्याचा फोन नाही, ऐकणारे कुणी नाही, असे तिच्या मनात आले. पुढे कितीतरी वेळा ती या वाक्याकडे परत आली: ऐकणारे कुणी नाही. जणू ते पाणी फक्त त्याच्या कानांसाठीच वाहत होते. ती आत जाऊन झोपली आणि पहाटे पुन्हा लग्नघरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती कपडे बदलायला घरी आली. मांडवातल्या कर्ण्यांच्या ढोल-गाण्याने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ती बाही चढवत असतानाच फोन वाजला. कांग. या वेळी? ती तशीच बागेत धावली, आधी बटण दाबले, पंप धापा टाकत सुरू झाला, आणि मग तिने फोन घेतला.

"दिक! उभी आहेस की बसलीस?"

"उभी. का?"

"बस मग. खाली बस."

ती तळ्याच्या काठावर बसली. त्याचा चेहरा पडद्यावर मावत नव्हता. तो चालत होता, धापा टाकत होता, हसत होता.

"सुराबायाचा तो माणूस मोठी विकत घ्यायला तयार झाला! मी पाठवलेलं चित्र बघून. रविवारी गाडी घेऊन येतोय न्यायला. ऐकतेस ना? मी मुकादमाला सांगूनसुद्धा टाकलं, नवीन करार नको म्हणून. महिना काढायचा, बस. येतोय मी, दिक. घरी येतोय."

तो तिच्याकडे पाहत होता. कित्येक महिन्यांत प्रथमच तो आधी तिच्याकडे पाहत होता, पाणी मागाहून; तिच्या कपाळावरचे पीठ, विस्कटलेले केस, अर्धी चढवलेली बाही.

"किती वाळलीस गं," तो म्हणाला. "मी आलो की रोज बकऱ्याची आमटी करायची. आणि ते दुसरंही. लागलंच पाहिजे आता कामाला आपल्याला, काय?"

तिच्या गालांवर उष्णता चढली. त्याच वेळी तिला वास आला. कुजक्या अंड्यांचा, कुठल्यातरी बंद खोल जागेतून आलेला. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. धारेच्या तोंडातून काळे पाणी येत होते. ते तळ्यात पडून धुरासारखे पसरत होते, हळूहळू, घाई नसल्यासारखे, आणि मोठी त्याच्या कडेने वळत होती.

रोजची गढूळ रेघ, आताच विरेल. तिने फोन आपल्या चेहऱ्यावरच धरून ठेवला. त्याने हे पाहू नये. आणखी थोडा वेळ त्याने असेच आपल्याकडे पाहत राहावे. ती हसली. "बोला ना," ती म्हणाली. "अजून काय म्हणाला तो?" तो सांगत राहिला, आणि ती ऐकत राहिली, आणि तिच्या पाठीमागे पाणी काळे होत गेले.

मग एक मासा उसळून काठाच्या सिमेंटवर आदळला.

"कसला आवाज तो?" तो म्हणाला.

"लग्नाचे ढोल."

"ढोल नव्हे. फोन फिरव."

"कांग..."

"फिरव म्हणतो ना!"

तिने फोन फिरवला. त्याने काही विचारले नाही. त्याला एका नजरेत कळले असावे. "बंद कर! पंप बंद कर आधी! विहिरीची मोटर लाव, नळी सोड तळ्यात, ताजं पाणी, ताजं पाणी दे!"

तिने फोन सिमेंटवर टाकला, पंप थांबवला, विहिरीची मोटर चालू केली. नळी अंगात आल्यासारखी हिसकली, एक गुळणी पाणी ओकली आणि मेली. घरातला पंखा थांबला. बुडबुडे थांबले. टॉवेलाखाली मीटरही गप्प झाले होते. ते केव्हापासून ओरडत होते कुणास ठाऊक, ढोलांत ऐकू आले नव्हते.

"यु कातेमी!" ती कुंपणाशी ओरडली. "टोकन! अहो, टोकन द्या कुणीतरी!"

पण दुकानाला कुलूप होते आणि कातेमी मांडवात व्याह्यांच्या पाया पडत होती. ढोल थांबेपर्यंत हाक पोचली नाही. पोचली तेव्हा मात्र सगळे धावले. रेशमी कपड्यांतल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष. विहिरीपासून तळ्यापर्यंत रांग लागली, बादल्या हातोहात सरकू लागल्या. जरीच्या काठांना चिखल लागला आणि कुणी तक्रार केली नाही.

"मीठ टाका, मीठ," कुणीतरी म्हणाले. "माशांना मीठ उतरतं."

"आता तळताना टाक," रांगेतून एक जण पुटपुटला. एक-दोघे हसले आणि हसणे अर्ध्यावरच टाकून बादल्या पुढे देऊ लागले.

लहान मासे आधी गेले. ते कुशीवर होऊन पृष्ठभागावर तरंगू लागले, पांढरे, पिवळे, पाणी हलले की एकमेकांना हळूच लागणारे. वार्सिनी तळ्यात उतरली. काळे पाणी तिच्या छातीपर्यंत आले. तिने मोठीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला धरून, जिथे ताजे पाणी पडत होते तिथे, पुढे-मागे हलवत राहिली. मोठीचे कल्ले उघडत होते, मिटत होते, मग नुसतेच उघडे राहत होते. तिचे वजन हातांवर वाढत गेले. इतके जड काहीतरी आपण यापूर्वी कधी उचलून धरले नव्हते, असे वार्सिनीला वाटले.

फोन सिमेंटवर उताणा पडून होता. त्याला फक्त रांबुतानची पाने आणि त्यांच्यामधले विझत चाललेले आभाळ दिसत असणार. "कुणीतरी सांगा रे!" त्यातून आवाज येत होता. "काय चाललंय? कुणीतरी सांगा!"

शेवटी कातेमीने तो उचलला. तिच्या ओठांवर लग्नाची लाली होती.

"गुनार्तो," ती म्हणाली, "गेली रे बाबा."

त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्याचा आवाज सपाट होता.

"किती वेळ बंद होता?"

"कालच्या आदल्या पहाटेपासून." मग तिने उरलेलेही सांगून टाकले. "त्याच्या आधीही रोज. दिवसाचा. संध्याकाळी तुमच्या फोनच्या वेळेला लावायची."

"म्हणजे मी जे ऐकायचो ते..."

"हो."

तिने शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या आल्या असत्या तर तिला त्यांत उभे राहता आले असते.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं, कांग. तुम्ही म्हणालात, भागव. मी भागवलं."

मग तीन संध्याकाळी फोन आला नाही. चौथ्या दिवशी तो भर दुपारी आला. गुनार्तोने दाढी केली होती.

"सही केली," तो म्हणाला. "तीन वर्षांची. दुसरं काय करणार? मुकादम बरा, त्याने जागा अजून दिली नव्हती कुणाला."

चाळीस, असा एक शब्द तिच्या आत कुठेतरी शांतपणे खाली ठेवला गेला.

"ऐक, दिक. मी विचार केलाय." त्याचा आवाज हळूहळू भरत चालला, आणि तो भरताना ती ऐकत होती. "चूक तुझी एकटीची नाही. हौद मोठे बांधायला हवे होते. इथे एक पंप मिळतो, निम्मी वीज खातो, तो पाठवतो. हर्जोकोंकडून चार पिल्लं निवडून आण. मी चित्रावरून सांगीन कुठली ते. तीन वर्षांत अशी वाढतील की सुराबायाचा माणूस पाय धरत येईल. आणि विजेचे पैसे आता वेगळे पाठवीन. वेगळे, घरखर्चात धरायचेच नाहीत. मग तर झालं?"

तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. त्यांत दुःख होते, त्याबद्दल तिला शंका नव्हती. पण त्या दुःखाच्या तळाशी तिला आणखी काहीतरी दिसले. पाहुण्यांचे येणे रद्द झाल्याचा निरोप आला की माणूस हळूच खुर्चीत मागे टेकतो, तसे काहीतरी. ते खरोखर तिथे होते की पडद्याच्या काचेवर होते, हे तिला सांगता आले नसते.

"मासे नकोत," ती म्हणाली. "तळ्यात माती भरायला सांगितलीय मी."

"थट्टा करतेस."

"नाही. पाक हर्जोकोंची गाडी येणारे. मासे नकोत, कांग. पंप नको. तुम्ही या. आहे तसे या. खाचरं नसली तर मजुरी करू."

तो हसला. "अगं, तळंच नसेल तर मी येऊ कशासाठी?"

हे वाक्य थट्टेचे असेल तर त्याच्या मागून दुसरे यायला हवे होते. तिने त्याला त्यासाठी वेळ दिला. तो बाजूला कुठेतरी पाहत होता. त्याचे ओठ हलले, पुन्हा मिटले. पलीकडे पाळी बदलल्याचा भोंगा झाला.

"जातो, दिक," तो म्हणाला. "माती टाकायच्या आधी पंप तेवढा बाहेर काढ. पुसून कोरडा करून ठेव, नाहीतर गंजेल."